गाडी गरम होतेय? कूलिंगमधला दोष घरच्या घरी कसा शोधायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी तापली की बरेच जण अंदाजाने सुटे भाग बदलत सुटतात. आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह), मग रेडिएटर, मग वॉटर पंप. खर्च वाढत जातो आणि काटा पुन्हा वर चढतोच. खरं तर गाडी कधी तापते, किती वेळात तापते आणि तापताना आणखी काय काय होतं, एवढं नीट पाहिलं तरी निम्मा शोध लागतो, आणि हे पाहायला महागडी अवजारं लागत नाहीत.

काटा लाल पट्ट्याकडे चाललाय. आत्ता या क्षणी काय करू?

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लोअर फुल करा आणि खिडक्या उघडा. हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, त्यामुळे इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढली जाते. घामाघूम व्हाल, पण सुरक्षित जागी पोहोचण्याइतका वेळ मिळू शकतो. जागा मिळताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. बॉनेटमधून वाफ येत असेल, ऑइलचा दिवा लागला असेल किंवा इंजिनमधून ठकठक आवाज येत असेल, तर "जरा पुढे जाऊन थांबू" असा विचारही नको. इंजिनचं हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) बहुतेक गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि जास्त तापलं की ते वाकतं. पुढच्या चौकापर्यंत रेटलेली गाडी साध्या होज पाइपच्या कामाचं हेड उतरवण्याचं काम करून ठेवते.

वाफ जोरात येत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नका. निदान अर्धा तास जाऊ द्या.

रेडिएटरचं झाकण लगेच का उघडायचं नाही?

साधं पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण साधारण 107 अंशांना उकळतं. वर झाकणाने साधारण 1 बारचा दाब धरून ठेवला, की हाच आकडा 125 अंशांच्या पुढे जातो. म्हणजे आतलं पाणी 115 अंशांवर असूनही केवळ दाबामुळे उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, पाणी त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर, हातांवर उसळतं. असे भाजलेले हात ज्याने एकदा पाहिलेत, तो पुन्हा घाई करत नाही.

इंजिन बंद करून थांबल्यावर वरचा होज जाड फडक्याने दाबून पाहा. तो टणक लागला तर आत दाब आहे. हात सहज ठेवता येईल इतका तो गार आणि मऊ झाला, की झाकणावर फडकं टाकून ते थोडंसंच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या आणि मगच काढा. ज्या गाड्यांत रेडिएटरवर झाकण नसून रिझर्व्ह टाकीवरच दाबाचं झाकण असतं, तिथेही हाच नियम.

तापलेल्या, रिकाम्या इंजिनात गार पाणी ओतू नका. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं की हेड किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

गाडी नेमकी कधी तापते यावरून काय ओळखायचं?

माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि गॅरेजमध्ये तो फार कमी विचारला जातो.

ट्रॅफिकमध्ये किंवा सिग्नलला काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की खाली येतो, तर पहिला संशय पंख्यावर घ्या. वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर गार करतो, उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्याचं असतं. पंखा फिरतोय पण हळू, उशिरा किंवा दोन वेगांपैकी एकाच वेगाने, असंही होतं.

याच्या उलट, गर्दीत ठीक चालते पण हायवेवर किंवा घाटात तापते, तर पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट अर्धवटच उघडणारा, पंपाच्या आतल्या पात्या झिजलेल्या, किंवा खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होणारा. हा शेवटचा दोष हमखास नजरेतून सुटतो. इंजिन गरम असताना बॉनेट उघडा, दुसऱ्या कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगा आणि लांबूनच खालच्या होजकडे पाहा. मऊ पडलेला होज रेस वाढताच मधे आत बसतो आणि रेस सोडली की पुन्हा फुगतो. इंजिन बंद केल्यावर तो अगदी धडधाकट दिसतो.

थंड गाडी सुरू करून पाच-सात मिनिटांत काटा वर जात असेल, तर पाणी फारच कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा हेड गॅस्केट (हेड आणि त्याखालचा ब्लॉक यांच्या मधलं सील) गेलंय. एसी लावल्यावरच तापत असेल तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट कचऱ्याने भरलेली असणं किंवा पंखा कमजोर असणं, ही दोन कारणं आधी तपासा.

आणखी एक खूण: इंजिन तापलंय पण हीटरमधून गार हवा येतेय. याचा अर्थ गरम पाणी हीटरपर्यंत पोहोचतच नाही. पाणी कमी आहे, आत हवा अडकलीय किंवा पंप पाणी ढकलत नाही.

मीटरच्या काट्यावर किती विश्वास ठेवावा?

बेताचाच. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधे धरून ठेवलेला असतो. तापमान साधारण 80 ते 105 अंशांच्या दरम्यान हललं तरी काटा जागचा हलत नाही. तो हलू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. काही गाड्यांत तर काटा नसतोच, निळा आणि लाल दिवा एवढंच असतं. म्हणून स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा ओबीडी रीडर जवळ ठेवा आणि फोनवर खरा आकडा पाहा. गरम झालेलं बहुतेक इंजिन 85 ते 105 अंशांच्या दरम्यान चालतं. पंखा कुठे लागतो, कुठे बंद होतो, हेही त्यावर स्वच्छ दिसतं.

एक धोका लक्षात असू द्या. पाणी पूर्ण गेलं की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक खाली आला आणि हीटरही गार झाला, तर गाडी सुधारलेली नाही, ती कोरडी पडली आहे. लगेच थांबा. काटा कारणाशिवाय वरखाली उड्या मारत असेल तर सेन्सरचं कनेक्शन सैल असेल किंवा हवेचा बुडबुडा सेन्सरजवळून जात असेल.

पाणी कमी होतं, पण खाली थेंबही दिसत नाही. गाडी थोडं पाणी खातेच ना?

नाही. कूलिंगची व्यवस्था बंदिस्त असते. वर्षभरात पातळी किंचित खाली येणं समजू शकतो, पण दर महिन्याला पाणी घालावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय. फक्त वरून भरत राहणं हा त्यावर उपाय नाही.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि तारीख लिहा. रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा सरकवा. सकाळी त्यावर डाग कुठे पडलाय त्यावरून जागा कळते. मात्र एसी चालवल्यावर खाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी वेगळं, ते काळजीचं कारण नाही. कूलंट बोटांना चिकट-तेलकट लागतं, रंगीत असतं आणि त्याला गोडसर वास येतो.

कित्येकदा गळती इतकी बारीक असते, की गरम धातूवर पडताच पाण्याची वाफ होते आणि मागे फक्त पांढरा, हिरवट किंवा गुलाबी खरपुडा उरतो. टॉर्च घेऊन होजच्या क्लॅम्पभोवती, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जिथे जाळीला जोडलेल्या असतात त्या सांध्यावर आणि वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला तो शोधा. पंपाला खाली एक बारीक भोक मुद्दामच ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की त्यातून थेंब येतो. तिथून वाळलेला ओघळ खाली आलेला दिसला की पंप बदलायची वेळ झाली. ते भोक बुजवून काही साधत नाही.

बाहेर काहीच सापडलं नाही तर आत पाहा. पुढच्या सीटखालचं किंवा डॅशबोर्डखालचं मॅटिंग ओलं-चिकट आहे, ब्लोअर लावला की काचेवर आतून तेलकट धुकं धरतं, गोड वास येतो, तर हीटरची जाळी गळतेय. डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर पाण्याने गार करणारा भाग) आतून फुटला की पाणी थेट इंजिनात जळून जातं आणि बाहेर कुठेच ओल दिसत नाही. उरलेली शक्यता हेड गॅस्केटची, तिच्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

गॅरेजमध्ये हातपंपासारखं प्रेशर टेस्टर असतं. थंड इंजिनात झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढाच दाब भरून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. दाब उतरला की गळती आहे. बारीक गळती शोधायला यापेक्षा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

रेडिएटरचा पंखा घरी कसा तपासू?

इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत लगेच किंवा थोड्याच वेळात पंखा फिरायला लागतो. एसीवर फिरला पण इंजिन तापल्यावर एसीशिवाय फिरत नाही, तर मोटर चांगली आहे आणि दोष सेन्सरकडे किंवा वायरिंगमध्ये आहे. कशावरच फिरला नाही तर आधी फ्यूज पाहा, मग शेजारचा तशाच नंबरचा रिले अदलाबदल करून पाहा. तरीही नाही, तर मोटरचा कनेक्टर काढून फ्यूज लावलेल्या वायरने बॅटरीवरून थेट करंट द्या. मोटर हलली नाही तर ती गेली. हलली पण अडखळत, तर कार्बन ब्रश झिजलेत. नव्या गाड्यांतले इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे पंखे मात्र असे डायरेक्ट करू नका.

इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो. हात, बाही, ओढणी त्याच्यापासून लांब ठेवा आणि जवळ काम करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा.

काही मोठ्या डिझेल गाड्यांत पंखा पट्ट्यावर चालतो आणि मधे चिकट द्रव भरलेला क्लच असतो. इंजिन बंद करून गरम असताना तो हाताने फिरवला तर जड लागला पाहिजे. सहज गरगर फिरत राहिला तर क्लच निकामी.

थर्मोस्टॅट अडकलाय हे कसं कळेल?

थंड इंजिन सुरू करा आणि ओबीडीवर तापमान पाहत राहा. थर्मोस्टॅट बहुतेक गाड्यांत 82 ते 95 अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. तोपर्यंत रेडिएटरचा होज गारच असायला हवा आणि त्यानंतर थोड्या वेळात गरम व्हायला हवा. इंजिन 100 च्या पुढे गेलं आणि एक होज चटका देण्याइतका गरम, दुसरा गार असं राहिलं, तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा रेडिएटर चोंदलाय.

बाहेर काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात तपासता येतो. तो दोऱ्याने पाण्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका आणि शेजारी थर्मामीटर ठेवा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो फटीएवढा उघडला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण. पाणी गार होताना तो पुन्हा बंद होतो का, तेही पाहा. हे पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका.

मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढूनच टाकू. काढू का?

काढू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला वेळेत पोहोचत नाही, पेट्रोल-डिझेल जास्त लागतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आतली आडवाट बंद करतो. तो काढला की पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आतच फिरतं आणि गाडी आणखी तापते. शिवाय खरा दोष झाकला जातो, हे सगळ्यात वाईट.

वॉटर पंप गेलाय की नाही, न उघडता कळतं का?

गळती, आवाज आणि ढिलेपणा, या तीन खुणा बाहेरून मिळतात. बेअरिंग गेलं की घरघर येते आणि ती रेसबरोबर वाढते. पट्टा काढून पुली हलवली तर खेळते. पण आतल्या पात्या गंजून झिजल्या किंवा प्लॅस्टिकच्या पात्या दांड्यावर सैल झाल्या, तर बाहेरून काहीच दिसत नाही. अशा वेळी टाकीवरच दाबाचं झाकण असलेल्या गाडीत गरम झाल्यावर पाणी आत परत येताना दिसतं का, हीटर गरम होतो का, यावरून अंदाज बांधावा लागतो. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्या, कारण दोन्हीसाठी तेच भाग उघडावे लागतात.

रेडिएटर बाहेरून धुतला तर फरक पडतो?

खूप पडतो आणि फुकट पडतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, पिसं, किडे, वाळलेली पानं यांचा थर बसतो. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च बाजूने मारा, मग थर दिसेल. थंड इंजिनावर साध्या नळीने, शक्य असेल तर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर नाजूक पात्या आडव्या पडतात आणि वारा जाण्याची वाटच बंद होते.

आतून चोंदलेला ओळखायला इन्फ्रारेड थर्मामीटर कामाला येतो. गरम इंजिनावर जाळीवरून फिरवा. तापमान एका बाजूकडून दुसरीकडे हळूहळू उतरलं पाहिजे. मधेच गार पट्टे सापडले तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

हेड गॅस्केट गेल्याची खात्री कशी करायची?

हे नाव ऐकलं की माणूस घाबरतो, म्हणून पुराव्याशिवाय ते मान्य करू नका. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज टणक झाला, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय, कारण नुसत्या उष्णतेने इतक्या लवकर दाब तयार होत नाही. थंड असतानाच झाकण काढून इंजिन सुरू केलं आणि रेस दिल्यावर बुडबुडे थांबतच नाहीत, तीही तशीच खूण. मात्र नुकतंच पाणी भरलं असेल तर अडकलेली हवाही काही वेळ बुडबुडे काढते, हे विसरू नका.

सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही गोड वासाचा दाट पांढरा धूर, सकाळी सुरू करताना एखादा सिलिंडर अडखळणं आणि डिपस्टिकवर दुधाळ चहाच्या रंगाचं ऑइल, या पुढच्या खुणा. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडासा पिवळट फेस मात्र गाडी रोज जेमतेम जवळच जात असली तरी जमतो. डिपस्टिक स्वच्छ असेल तर एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर वापरतात. निळा द्रव भरलेली नळी टाकीच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची. ज्वलनाचा वायू असेल तर निळ्याचा पिवळा होतो. हेड उतरवण्याआधी ही चाचणी करून घ्या, असं आग्रहाने सांगेन. हेड उतरलंच तर ते सपाट आहे का हे मोजून, गरज असेल तर फेसिंग (घासून सपाट करणं) करूनच नवं गॅस्केट बसवायला सांगा.

झाकणासारखी छोटी वस्तू इतका त्रास देऊ शकते?

देते. स्प्रिंग किंवा रबर थकलं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि टाकीतून बाहेर येतं. झाकणात दुसरा छोटा व्हॉल्व्हही असतो, तो गार होताना पाणी परत आत घेतो. तो अडकला तर गाडी गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला सापडतो. नवं झाकण घेताना त्यावरचा दाबाचा आकडा जुन्याएवढाच हवा. जास्त दाबाचं लावून फायदा नाही, जुने होज आणि सांधे फुटतात.

नुसतं पाणी चालेल का? हिरवं घालू की गुलाबी?

रस्त्यात अडकलात तर पाणी घाला, घरी पोहोचल्यावर बदला. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, नुसत्या पाण्याने गंज चढतो आणि उकळबिंदूही कमी राहतो. कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटर घ्या. बाटलीवर "रेडी टू यूज" लिहिलं असेल तर पाणी मिसळायचंच नाही.

रंगावर जाऊ नका. रंगाचं एकच असं प्रमाण नाही, दोन कंपन्यांची गुलाबी कूलंट वेगळ्या रसायनाची असू शकतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं मानक बाटलीवर आहे का, ते पाहा. न जुळणारी दोन मिसळली तर गंजरोधक निकामी होतात, कधी गाळ धरतो. आत काय आहे माहीत नसेल तर सगळं काढून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन नवं भरा.

कूलंट बदलल्यापासूनच गाडी तापायला लागली. असं का?

जवळजवळ नक्कीच हवा अडकलीय. गाडीचं तोंड किंचित चढाकडे ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा आणि थंड इंजिनात हळूहळू भरा. स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय अखंड धार आली की बंद करा. मग इंजिन चालू ठेवून पंखा लागून बंद होईपर्यंत थांबा. पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहा, ती उतरलेली असते. काही गाड्यांना व्हॅक्यूमने भरावं लागतं, त्या घरी करायच्या भानगडीत पडू नका.

गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव टाकू का?

माझं उत्तर नाही असंच आहे. जे बारीक भोक बुजवतं, ते हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतं. निर्मनुष्य ठिकाणी दुसरा उपायच नसेल तर गोष्ट वेगळी, पण त्यानंतर सगळी व्यवस्था धुवावी लागते.

काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकायचं?

बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणानेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मुलांनाही तितकाच धोका. उघड्या भांड्यात रात्रभर ठेवू नका, गटारात किंवा मातीत ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक अक्षरांत लिहा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे द्या. पाण्याची किंवा सरबताची रिकामी बाटली यासाठी कधीच वापरू नका. जमिनीवर सांडलेलं माती किंवा भुसा टाकून टिपून घ्या, मग भरपूर पाण्याने जागा धुवा. कुणाच्या पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा आणि कूलंटची बाटली सोबत न्या.